अठराच्या अठरा

२४ ऑगस्ट, रविवार

पोचले एकदाची सिंगापूरला! विमानतळावर जाई 'आजी!' म्हणून ओरडत आली आणि पोटाला अशी बिलगली, की माझी पर्स खाली पडून लवंगांची डबी, जपाची माळ, चष्मा सगळं फरशीवर. सात वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे हसली की अगदी तिच्या आजोबांसारखी दिसते. सौमित्र थोडा सुटलाय, सूनबाई कादंबरी वाळलीय. गाडीत तिघंही एकदम बोलत होते आणि मी सगळ्यांना 'हो, हो' म्हणत रस्त्याकडेची झाडं बघत होते. इतकी नीटस झाडं, जणू रोज सकाळी कुणी त्यांचे भांग पाडत असावं.

कॉन्डो बुकित पंजांगहून बसने दहा मिनिटांवर आहे. अकरावा मजला. मला स्वतंत्र खोली, नवी चादर, उशाशी जाईने काढलेलं चित्र: मी, ती आणि एक विमान. आणि बाल्कनीतून खाली बघते तर काय, आमच्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी तिसरीचं पुस्तक! त्यात एका इंग्लिश खेड्याचं चित्र होतं. हिरवे उंचवटे, मोठमोठ्या झाडांची सावली, ओढा, त्यावर लाकडी साकव. ते चित्र मी तासन् तास बघत बसायची, मग सिस्टर बेनेडिक्टा कानाला धरून पान उलटायला लावायच्या. तेच चित्र इथे खाली पसरलंय. फक्त चर्चच्या जागी घड्याळ लावलेलं क्लबहाउस आहे.

हे गोल्फचं मैदान. ओकहर्स्ट क्लब. कुणा इंग्रजाने मायदेशच्या आठवणीने आखलेलं. नावात ओक आहे, पण ओकचं एकही झाड नाही, सगळे रेन ट्री. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आलो होतो तेव्हा हे या बाल्कनीत सकाळभर उभे राहायचे, चहा गार व्हायचा. पुण्याला पन्नाशीत गोल्फ शिकले आणि वेडच लागलं त्यांना. इथे मेंबरशिवाय खेळता येत नाही म्हणाले. पुढच्या खेपेला कुणीतरी मेंबर शोधू, असं ठरलं होतं.

पुढची खेप मी एकटीच आले. यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली.

असो. आज आनंदाचा दिवस आहे. एरंडवण्याच्या फ्लॅटची किल्ली शेजारी दिली आहे, लाँग टर्म व्हिजिट पास पर्समध्ये आहे, आणि जाई शेजारच्या खोलीत झोपेत बडबडते आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती दीड दिवसाचे होते. कादंबरीने मोदक मागवले, मी तळणीचे केले, दोन्ही संपले. घर पुन्हा आपापल्या कामाला लागलं.

माझं वेळापत्रकही बसलं आहे. सात वाजता, म्हणजे इथे उजाडता उजाडता, जाईला खाली शाळेच्या बसपर्यंत सोडायचं. सौमित्र बुओना व्हिस्टाला ऑफिसात जातो, कादंबरी बँकेत. दोघं रात्री परततात ती थकून. दिवस माझा. फार मोठा असतो इथला दिवस.

आज मैदानात जाऊन आले. क्लब जूनमध्येच बंद झाला. जमीन सरकारला परत जायची आहे, इथे घरं होणार. झेंडे काढून नेलेत, गवत वाढू लागलंय. आमच्या कॉन्डोच्या मागे एक लहान फाटक आहे, ते एकवीस सप्टेंबरपर्यंत सकाळी सात ते नऊ फिरायला येणाऱ्यांसाठी उघडं असतं. बावीसला चारी बाजूंनी पत्रे ठोकून मैदान बंद करणार. फिरायला मात्र कुणी येत नाही. एवढं मोठं मैदान, आणि त्यात मी एकटी.

नाही, एकटी नाही. मिस्टर गोह आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, काटकुळे, डोक्यावर क्लबची टोपी. मला पहिल्या फटक्यात 'आंटी' म्हणाले. मी म्हटलं, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे तुम्ही, आंटी कसली? तर म्हणे सिंगापुरात वयाशी संबंध नाही, केस पांढरे झाले की आंटी, लाह. (हे 'लाह' इथे वाक्याच्या शेपटीला असतंच.) ते इथे चाळीस वर्षं 'स्टार्टर' होते. म्हणजे जिथून पहिला चेंडू मारतात त्या चौथऱ्याला, टीला, लागून एक टपरीवजा खोली आहे, तिथे बसून ते यादीतली नावं पुकारायचे. नाव पुकारल्याशिवाय टीवर पाऊल टाकायचं नाही, मग तो मंत्री असो की करोडपती. आता पत्रे लागेपर्यंत राखणीला त्यांनाच ठेवलंय. टपरीत पंखा, थर्मास आणि नावांची जुनी वही. वही अजून का ठेवली विचारलं तर म्हणाले, दुसरं काय करू.

त्यांनी मला मैदान समजावून सांगितलं. अठरा होल, म्हणजे अठरा टप्पे. प्रत्येकाला सुरुवातीला टी आणि शेवटी ग्रीन, म्हणजे चेंडूच्या खळग्याभोवतीचं बारीक गवत, आणि नावंही इंग्लिश: 'पाणचक्की', 'लांब वावर', 'पाद्रीबाबाचं घर'. सिस्टर बेनेडिक्टांना दाखवायला हवं होतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

हा चिन्यांचा सातवा महिना. भुतांचा, असं जाई सांगते. खालच्या ब्लॉकांपाशी लोक पत्र्याच्या डब्यांत कागदी नोटा, कागदी शर्ट जाळतात, कडेला संत्री आणि भाताचे वाडगे मांडतात. परवा एका मंडपात गाण्यांचा कार्यक्रम होता, पहिली रांग रिकामी. मी दमून बसायला गेले तर जाईने माझा पदर ओढला. "आजी, नॉट फॉर यू, लाह! ते त्यांचं आहे!" मी पटकन उठले, आजूबाजूचे हसले.

मला ते आवडलं. आपल्याकडे पितरांचा पंधरवडा, यांच्याकडे महिना. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही ही माणसं वाढून ठेवतात, असं मिस्टर गोह म्हणाले. कुणाचं पान कोण जेवतो हे बघायला मात्र जायचं नाही.

सौमित्र या रविवारी पुलाउ उबीन बेटावर बोटीने नेणार होता. त्याला काम निघालं. पुढच्या रविवारी म्हणतो. जाईला मी बाराखडी शिकवायला घेतली, ती दोन ओळींत कंटाळली. दुपारी घरात फ्रिजचा आवाज तेवढा असतो. तीन वाजता मी कपाटातला यांचा स्वेटर काढून पुन्हा घडी करून ठेवला. या गावात स्वेटर कशाला आणला कुणास ठाऊक.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज पंचमी, यांची तिथी. सौमित्रने ऑनलाइन गुरुजी ठरवलेत, पण रविवारी, त्याला सुट्टी म्हणून. मात्र तिथीला पान वाढलं नाही असं कसं होईल? पहाटे उठून खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, भात, वरण केलं. कादंबरीने आधीच बजावलं होतं, "आई, बाल्कनीत काही ठेवू नका हं, पक्ष्यांना खायला घातलं तर इथे दंड होतो." तिचं बरोबर आहे. म्हणून जाईची बस गेल्यावर डबा आणि केळीचं पान घेऊन मैदानात गेले. मिस्टर गोह अजून आले नव्हते.

पान पहिल्या टीवर मांडलं. यांना इथूनच सुरुवात करायची होती, म्हणून.

टपरीच्या छपरावर एक कावळा होता. बसून राहिला. मी हात जोडून म्हटलं, सौमित्रची काळजी करू नका, बरं चाललंय त्याचं. कावळा ढिम्म. जाईला मराठी वाचायला शिकवीन म्हटलं. त्याने चोच पुसली. मला हसू आलं आणि रडूही. सकाळचे साडेसात, वारा नाही, पानावरची खीर निवत चाललेली.

मग आठवलं. दर रविवारी हे विचारायचे, येतेस का बरोबर, नुसती चाल. आणि मी दर रविवारी म्हणायची, गुडघे दुखतात, ऊन लागतं, तुम्ही जा. वीस वर्षांत एकदाही गेले नाही.

मी मोठ्याने म्हटलं, "अहो, ऐकताय ना? खेळायचं राहिलं तुमचं इथे. मी येते बरोबर. अठराच्या अठरा चालेन. शब्द देते."

कावळा झेपावला. छपरावरचा नव्हे. माझ्या मागून, खांद्याजवळून खाली आला आणि सरळ पानावर. खिरीला शिवला. छपरावरचा होता तिथेच बसला होता.

किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. घरी येऊन दुपारी गाढ झोपले, किती महिन्यांनी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शब्द दिला तो पाळायला हवा. आज पहिला होल चालले. टीपासून ग्रीनपर्यंत, सावकाश. गवतावर दव होतं, त्यात माझ्या चपलांची काळी रेघ मागे उमटत होती. ग्रीनवर पोचून वळून बघितलं तर रेघा दोन. एक माझी, एक माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर.

मला भीती वाटली नाही. खरंच नाही. मी तिथे उभी राहून ओठ चावून रडले आणि म्हटलं, आलात?

१३ सप्टेंबर, शनिवार

दुसरा, तिसरा. गुडघे आता दोनच होलांना परवानगी देतात. वाटेत खूप बोलले. कादंबरी अबोल आहे पण मनाने वाईट नाही, सोसायटीने लिफ्टला तिसऱ्यांदा वर्गणी मागितली, तुमच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं सगळं. शेजारी गवत सरसरत होतं. मी थांबले की थांबायचं.

गंमत वाटते. चालायला निघालं की हे नेहमी दोन पावलं पुढे. लक्ष्मी रोडवर मी मागून 'अहो, जरा थांबा' करत धावायची. आता मात्र अगदी बरोबरीने चालतात.

घरी कुणाला सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी चौथा आणि पाचवा. मग ऑनलाइन श्राद्ध. गुरुजींनी पडद्यावरून यांचं नाव, गोत्र विचारून घेतलं, सौमित्रने सांगितलं. त्यांच्या घरचा कावळा म्हणे येता येईना. गुरुजी हसून म्हणाले, आजकाल कावळेही बिझी असतात. शेवटी दर्भाचा कावळा करून पान शिववलं.

मी मनात म्हटलं, येतील कसे? ते तर माझ्याबरोबर फिरताहेत.

पुलाउ उबीन राहिलंच.

१५ सप्टेंबर, सोमवार

सहावा, सातवा. आज फाटकापाशी गेले तर आतल्या बाजूचं गवत गोल तुडवलेलं. कुणीतरी बराच वेळ एका जागी उभं राहून, पायांवरचा भार बदलत वाट बघावी तसं. हे कधी कुणाची वाट बघायचे नाहीत. पाच मिनिटं उशीर झाला की तिकीट फाडून घरी परत.

माणूस बदलतो. जाऊन आल्यावर तर बदलणारच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आठवा, नववा. अर्धं झालं. नवव्याच्या ग्रीनजवळ एक बाक आहे, पहाटे पाऊस पडून गेल्याने सगळा ओला. एका टोकाची जागा कोरडी होती. माणूस बसून उठावा तेवढी. मी तिच्याशेजारी ओल्यातच बसले.

ती जागा फार अरुंद होती. माझी वीतभर आणि वर चार बोटं. हे भारी अंगाचे. स्कूटरवर मी मागे अर्धी बाहेर असायची.

तिकडे गेल्यावर वजन उतरत असेल.

घरी आल्यावर बघितलं, आमच्या दारासमोरच्या पायपुसण्यावर ओल्या गवताची पाती होती. माझ्या चपला तर मी खाली लॉबीतच झटकल्या होत्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

अक्षर वेडंवाकडं येईल.

दहावा झाला. अकराव्यावर मधोमध पोचलो आणि भोंगा वाजला. विजेचा. इथे वीज जवळ आली की मैदानातला भोंगा ओरडतो आणि सगळ्यांनी आत पळायचं असतं. क्लब बंद झाला तरी भोंगा चालू आहे. पश्चिमेला आभाळ काळंभोर झालं होतं.

यांना विजेची फार भीती. ढग गुरगुरला की घरातले सगळे प्लग काढायचे, फ्रिजचासुद्धा, मग दूध नासायचं. मी म्हटलं, चला, चला लवकर. मी फाटकाकडे चार पावलं टाकली. शेजारची रेघ हलली नाही. तिथेच. वीज चमकली, मी ओरडले, अहो चला. नाही.

तेव्हा मला कळलं. पण खात्री करायची होती.

मी यांचं नाव घेतलं. अडतीस वर्षांच्या संसारात उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. सासूबाई म्हणायच्या नवऱ्याचं नाव घेऊ नये, आणि मी, कॉन्व्हेंटात शिकलेली, हसत हसत ते पाळत गेले, मग सवयच झाली. या वहीतसुद्धा लिहिलेलं नाही. आज मोठ्याने म्हटलं. "प्रबोध."

काही नाही. म्हणजे कुणी ओ दिली नाही. एखाद्या खोलीत परक्या माणसाचं नाव पुकारावं आणि सगळ्यांनी इकडेतिकडे बघावं, तसं. मग शेजारचं गवत हळूच वाकलं. माझ्या उजवीकडून निघून माझ्या समोर आलं. दोन पावलांच्या जागा, टोकं माझ्याकडे.

मी धावले. या गुडघ्यांनी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

जाईला बसवर सोडून तशीच मागे वळले. फाटकाच्या आत गेले नाही. बाहेरूनच मिस्टर गोहना बोलावून सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी एवढंच विचारलं, पान मांडलंत तेव्हा नाव कुणाचं पुकारलंत? मी म्हटलं, कुणाचंच नाही. आमच्यात पुकारत नाहीत. नुसतं 'अहो' म्हटलं.

ते फाटकाशीच खाली बसले. म्हणाले, आंटी, चाळीस वर्षं माझं काम काय होतं? नाव पुकारणं. नाव न घेता टीवर उभं राहून 'या' म्हटलं, तर जो उभा असेल तो येणार. आणि तिथे एक जण उभाच असतो.

मग त्यांनी सांगितलं. एक मेंबर होता, नाव या महिन्यात घेणार नाही म्हणाले. बारीक, सभ्य माणूस. रोज सकाळी एकटाच यायचा. एकट्याला खेळायला सोडत नसत, कुणाच्या तरी गटात शिरावं लागे. तो रोज टपरीशी येऊन विचारायचा, एखादी जागा आहे का? बाकीच्या मेंबरांना तो नको होता. कारण काही नाही. कुणालाच माहीत नाही. त्यांनी मिस्टर गोहना सांगून ठेवलेलं. म्हणून मिस्टर गोह रोज म्हणायचे, फुल, सर. रिकामं असलं तरी. अकरा वर्षं. तो रोज टीजवळच्या बाकावर बसून दुपारी घरी जायचा. एक दिवस तसाच बसलेला राहिला. हातात गोल्फचा मोजा घातलेला.

मी, मी म्हटलं फुल, मिस्टर गोह म्हणत होते. त्यांच्या हातातल्या थर्मासचं झाकण लागता लागेना.

मी विचारलं, अठरा झाले की सुटेन ना मी? ते म्हणाले, शब्द तेवढाच आहे. पण इतकी वर्षं ज्याला कुणी बरोबर घेतलं नाही, तो सोबत मिळाल्यावर सोडेल का, मला माहीत नाही. रविवारी हा महिना संपतो, सोमवारी पत्रे लागतात. तोवर घरातून खाली उतरू नका. मागून काही हाक आली तर ओ देऊ नका, वळून बघू नका.

उतरणार नाही. कादंबरीला सांगितलं, बरं नाही, उद्या जाईला खाली तू सोड.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

देवा.

सकाळी कादंबरीचा कॉल लांबला. जाई एकटीच लिफ्टने खाली गेली. बस निघून गेली तरी ती नव्हती. वीस मिनिटं. वीस मिनिटं मी अकराव्या मजल्यावरून मैदानाकडे बघत होते, आणि तिथे पिवळं दप्तर—

वॉचमनने आणून सोडलं तिला. बूट चिंब. मोज्यांना कुसळं. हसत होती. एका अंकलबरोबर चालले म्हणाली. "ओन्ली वन होल, आजी. तू प्रॉमिस केलं, पण तू टायर्ड ना? सो आय हेल्प, लाह." अंकल दिसत नाहीत, गवत दिसतं, असं म्हणाली. अकरावा पुरा झाला म्हणाली. तिला कुणी शिकवलं मोजायला?

कादंबरी माझ्याकडे वळली. "आई, प्लीज. तुम्ही तिच्या डोक्यात काय काय भरवलंय?" तिचा आवाज फुटला होता. मी सांगायचा प्रयत्न केला. सौमित्रने कपाळाला हात लावला. मग दोघं आत जाऊन हळू बोलत राहिले. मंगळवारचं पुण्याचं तिकीट काढतायत. मी भिंतीपलीकडून ऐकलं. चुकत नाहीत ते.

मी थांबले म्हणून तो थांबला नाही. शब्द माझा, पण तिच्यातही रक्त माझंच आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी दूध पिताना जाई म्हणाली, सात लेफ्ट. आजीला नाही जमलं तर मी.

गेले. बाराव्यापासून सतराव्यापर्यंत. सहा. गुडघा सुजलाय. एक शब्द बोलले नाही. तो शेजारी. एकदाही पुढे नाही, मागे नाही. सोळाव्यावर मी ठेचकाळले तर गवत थांबलं आणि वाट बघत राहिलं, इतक्या अदबीने की—

नको. कीव करायची नाही.

एक उरला. तेल लावून पाय चोळला. जाई झोपली आहे. तिचा दरवाजा लावून बाहेर खुर्ची टाकून बसले.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

साडेसात. अठराव्याच्या ग्रीनवर आहे. इथल्या बाकावर बसून लिहितेय, वही बरोबरच आणली. काही झालं तर सौमित्रच्या हाती पडावी. कादंबरीला वाचू दे. तिच्यावर राग नाही.

झाले. अठराच्या अठरा. मी मोठ्याने म्हटलं, झालं तुमचं, आता माझ्या जाईच्या वाटेला जायचं नाही. गवत हललं नाही. शेजारची रेघ ग्रीनच्या कडेला येऊन संपली आहे, पुढे स्वच्छ दव.

सुटली पोर.

मिस्टर गोह फाटकाशी उभे आहेत. आत येत नाहीत, हात हलवतायत. दोनशे पावलं असतील. मंगळवारी विमान. पुण्याला जाऊन खिडक्या उघडायच्या, धूळ झटकायची. मग त्या घरात मी.

उठते.

—

उठले होते. पुन्हा बसले. लिहिते म्हणजे बघावं लागणार नाही—

हाक आली. मागून. अगदी जवळून, पण हळू.

आजी नाही. आई नाही. आंटी नाही. हे जन्मभर 'अगं' म्हणाले.

मधुवंती.

माझं नाव. इथे कुणाला सांगितलेलं नाही. मिस्टर गोहनासुद्धा नाही. शाळेत हजेरीला पुकारायचे तसं, सगळी अक्षरं सुटी, सावकाश. शेवटचं कुणी घेतलं होतं? आठवत नाही. आठवत नाही मला—

गोह ओरडतायत. ऐकू येत नाही.

ओ द्यायची नाही. माहीत आहे. वळायचं नाही.

पुन्हा. किती अदबीने. घाई नाही. विचारतोय, एखादी जागा—

कुणी नाही त्याला. आणि उद्यापासून पत्रे.

जाई सुटली. मग आता माझं—

फक्त एकदाच ओ